आयर्लंडचा किनारा: कुठे राहायचं, काय पाहायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॉलवेत राहायला आल्यापासून दर वर्षी मार्च उजाडला की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न येतात, फक्त विचारणारे बदलतात. पुण्याची आतेबहीण, ठाण्याचे जुने शेजारी, डब्लिनला नोकरीसाठी आलेली पोरं, न्यू जर्सीतला शाळासोबती. शेवटी सगळं एका जागी लिहून काढलं. खोल्यांचे आणि बोटींचे दर मुद्दाम दिले नाहीत. ते हंगामागणिक हलतात.

१. आयर्लंडचा किनारा म्हणजे नेमका कुठला भाग? आम्ही डब्लिनला उतरणार, समुद्र तर तिथेही आहे.

आहे की. डब्लिनच्या डार्ट लोकलमध्ये बसलात तर अर्ध्या तासात होथ नावाच्या मासेमारी बंदरात पोचता, आणि तिथली कड्यावरची पायवाट झकास आहे. पण ज्या फोटोंवर भुलून लोक तिकीट काढतात ते सगळे पश्चिमेचे, अटलांटिकच्या बाजूचे. उत्तरेला डोनेगॉलपासून दक्षिणेला कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंत जाणाऱ्या त्या रस्त्याला २०१४ पासून ‘वाइल्ड अटलांटिक वे’ म्हणतात. लांबी सुमारे २,५०० किलोमीटर. निळ्या पाटीवर पांढरी नागमोडी रेघ दिसली की समजायचं, तुम्ही त्या रस्त्यावर आहात.

आग्नेयेकडचा वेक्सफर्ड-वॉटरफर्डचा किनारा सौम्य आहे आणि तिथे ऊन त्यातल्या त्यात जास्त पडतं. तिथलं हूकचं दीपगृह सुमारे ८०० वर्षांचं असून अजून चालू आहे. उत्तरेचा किनारा सुंदर आहे, पण तिथे देश बदलतो (प्रश्न १४ पाहा).

२. सात दिवसांत अख्खा पश्चिम किनारा होईल का?

नाही. गाडीतून काच खाली करून ‘पाहिला’ म्हणायचं असेल तर गोष्ट वेगळी.

नकाशावर हा देश छोटा दिसतो आणि तिथेच माणसं फसतात. डब्लिन ते गॉलवे २०० किलोमीटरचा मोटरवे, अडीच तासांत संपतो. पण त्यापुढे किनाऱ्याचा रस्ता प्रत्येक खाडीला वळसा घालतो. आपल्याकडे रेवदंड्याहून मुरुडला जाताना जसं समोरचं गाव दिसतं पण येत नाही, तसंच. फोन दोन तास म्हणाला तर तीन धरा. मध्ये मेंढ्या आहेत, फोटो आहेत, चहा आहे.

माझा हिशेब असा: किनाऱ्याचे पाच तुकडे करा. केरी, पश्चिम कॉर्क, क्लेअर-गॉलवे, मेयो-स्लायगो आणि डोनेगॉल. सात दिवसांत दोन तुकडे, प्रत्येकी तीन रात्री एकाच मुक्कामी, आणि एक रात्र डब्लिन. रोज सकाळी बॅगा भरणाऱ्यांना इथला समुद्र दिसत नाही, नुसतं पार्किंग दिसतं. पहिल्यांदा येत असाल तर क्लेअर-गॉलवे आणि केरी घ्या. दुसऱ्यांदा येत असाल तर डोळे मिटून डोनेगॉल.

३. कुठल्या महिन्यात यावं? आम्हाला मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी असते.

मे. आपल्या शाळांच्या सुट्टीचा आणि इथल्या उत्तम हंगामाचा इतका चांगला मेळ दुसऱ्या कुठल्या देशाशी बसत नसेल. पश्चिमेला एप्रिल-मे हे वर्षातले कोरडे महिने. कड्यांवर सी थ्रिफ्टची गुलाबी फुलं असतात, पफिन पक्षी आलेले असतात आणि संध्याकाळी साडेनऊपर्यंत उजेड राहतो. गर्दी जूनच्या मध्यापासून वाढते. जुलै-ऑगस्ट महाग, सप्टेंबर पुन्हा छान.

दिवाळीला जरा अवघड. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पाच-सव्वापाचला अंधार पडतो. बेटांच्या बऱ्याच बोटी बंद होतात आणि गावातले बी अँड बी (घरातल्या खोल्या, मुक्काम आणि नाश्ता) नोव्हेंबरपासून थेट सेंट पॅट्रिक डेपर्यंत, म्हणजे १७ मार्चपर्यंत, दारं लावून बसतात. गॉलवे, किलार्नी, वेस्टपोर्ट अशी मोठी गावं मात्र हिवाळ्यातही जागी असतात.

४. पाऊस किती? छत्री आणू का?

छत्री आणू नका, वारा ती उलटी करून हातात देतो. टोपीचा वॉटरप्रूफ कोट आणि पाण्यात भिजून लवकर वाळणारी पँट आणा. इथे कोकणासारखा कोसळणारा पाऊस नाही. वर्षभरात पडतोही निम्म्याच्या आसपास. पण तो बारा महिने हप्त्याहप्त्याने येतो. सकाळी पाऊस दिसला म्हणून दिवस रद्द करू नका. तासाभरात ऊन पडतं, मग पुन्हा पाऊस, मग इंद्रधनुष्य. झिमझिम पावसाच्या दिवसाला इथले लोक ‘सॉफ्ट डे’ म्हणतात आणि तक्रार करत नाहीत.

मेट एरन या हवामान खात्याचा इशारा मात्र गंभीरपणे घ्यायचा. पिवळा असला तर जपून, नारिंगी असला तर कड्याजवळ जायचं नाही, लाल असला तर घराबाहेरच पडायचं नाही.

५. आमच्याकडे शेंगेन व्हिसा आहे. चालेल ना?

चालणार नाही. आयर्लंड युरोपीय संघात आहे, युरोही वापरतो, पण शेंगेनमध्ये नाही. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा वेगळा व्हिसा काढावा लागतो. पॅरिसहून ‘जाता जाता’ डब्लिन करू म्हणणारे दर वर्षी दोन तरी भेटतात आणि विमानतळावर अडकतात. मुंबईहून थेट विमान नाही. दुबई, अबू धाबी किंवा दोहामार्गे येणं सगळ्यात सुटसुटीत. ब्रिटनचा व्हिसा असेल किंवा उत्तर आयर्लंडही करायचं असेल तर प्रश्न १५ वाचा.

६. राहायला हॉटेल बरं की बी अँड बी?

किनाऱ्यावर बी अँड बी. चार-सहा खोल्यांचं घर, खाली मालक राहतात, सकाळी त्यांच्याच जेवणघरात नाश्ता. कुठल्या रस्त्याने जा, कुठल्या पबमध्ये आज संगीत आहे, उद्या बोट सुटेल की नाही, ही माहिती हॉटेलच्या काउंटरवर मिळत नाही. इथे ती चहाबरोबर मिळते. महाराष्ट्रातून आलो म्हटल्यावर लिओ वराडकरांचा विषयही निघतो. २०१७ साली इथले पंतप्रधान झालेल्या या गृहस्थांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराडचे. तुम्ही कोकणातले असाल तर नाश्ता लांबणार.

चार-पाच जण एकत्र असाल आणि पोळीभाजी करून खायची असेल तर स्वयंपाकघरासकट भाड्याचं कॉटेज घ्या. ती बहुधा शनिवार ते शनिवार देतात. हंगामाबाहेर तीन रात्रीही मिळतात. एकट्या-दुकट्यांसाठी डूलिन, डिंगल, गॉलवे इथली होस्टेलं चांगली आहेत.

७. खोलीचा दर स्वस्त वाटला, बिल दुप्पट आलं. फसवलं का?

फसवलं नाही. आयर्लंडमध्ये दर पुष्कळदा ‘पर पर्सन शेअरिंग’ सांगतात, म्हणजे दोघांच्या खोलीतल्या एका माणसाचा. दोघं असाल तर दुप्पट. एकटे असाल तर वर ‘सिंगल सप्लिमेंट’. फोनवर विचारताना ‘खोलीचा दर की माणशी?’ हे पहिलं वाक्य ठेवा. हंगामात शनिवार-रविवारी किमान दोन रात्रींची अटही असते.

जुलैअखेरचा गॉलवेच्या घोड्यांच्या शर्यतींचा आठवडा टाळा. त्या दिवसांत पन्नास किलोमीटरच्या परिघात खोली मिळणं मुश्कील आणि मिळाली तरी दर ऐकून घाम फुटतो. सप्टेंबरमध्ये क्लेअरमधल्या लिसडूनव्हार्नाला लग्नं जुळवण्याचा उत्सव असतो. शनिवार-रविवारी तिथे आजूबाजूला तीच गत. (लग्न जुळवायचं असेल तर मात्र जरूर या.)

८. बाथरूममध्ये गरम पाणी येत नाही, काय करू?

छताला दोरी लोंबत असेल. ती ओढा. इथे शॉवरचं पाणी जागेवरच विजेने तापवतात आणि त्याचं बटण म्हणजे ती दोरी. लाल दिवा लागला की झालं. माझी मावशी डिंगलमध्ये दोन दिवस थंड पाण्याने आंघोळ करत होती. मालकीणबाईंना कशाला त्रास, म्हणून विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी दोरी ओढली ती पंखा लागेल म्हणून!

विजेच्या प्लगचंही आत्ताच सांगतो: तीन चौकोनी पिनांचा, इंग्लंडसारखा. भारतातला गोल पिनांचा बसत नाही. अडॅप्टर मुंबईतच घ्या.

९. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही, पण सावध राहा. आयरिश नाश्त्याच्या ताटात ब्लॅक पुडिंग आणि व्हाइट पुडिंग असतं. नावाला भुलू नका. दोन्हींत डुकराचं मांस असतं, पहिल्यात वर रक्तही. आदल्या रात्री सांगून ठेवलं तर मशरूम, टोमॅटो, अंडी, पॉरिज आणि ताजा सोडा ब्रेड मिळतो. सोडा ब्रेड, त्यावर इथलं लोणी. त्यासाठी मी रोज उठायला तयार आहे.

दुपारी पबमध्ये ‘सूप ऑफ द डे’ बहुधा भाज्यांचं असतं, पण पाणी चिकनच्या स्टॉकचं आहे का ते विचारा. ‘सीफूड चाउडर’मध्ये मासे असतात हे नावातच आहे, तरी दर वर्षी कोणीतरी ‘क्रीमी सूप’ म्हणून मागवतं. काही ठिकाणी बटाट्याचे चिप्स गाईच्या चरबीत तळतात, तेही विचारायचं. हिरवा ठिपका इथे नसतो. मेनूत पदार्थापुढे छोटे आकडे असतात ते अ‍ॅलर्जीच्या घटकांचे. अंडं, दूध, मासे कळतात, पण मांसाचं त्यातून कळत नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा वेळेचा. गावातल्या पबचं स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं. पब मध्यरात्रीपर्यंत चालू, पण खायला पाकिटातले वेफर्स. उन्हाळ्यात बाहेर लख्ख उजेड असल्याने भान राहत नाही.

एक गोड सल्ला: कुठे ‘कॅरगीन पुडिंग’ दिसलं तर घ्या. समुद्रशेवाळ दुधात उकळून लावलेला तो पदार्थ थेट आपल्या चायना ग्रासचा भाऊ लागतो.

१०. दीपगृहात राहता येतं असं ऐकलं. खरं का?

खरं. दिवे आता आपोआप चालतात, त्यामुळे राखणदारांची घरं रिकामी झाली आणि काही पाहुण्यांना देतात. क्लेअरमधलं लूप हेड, डोनेगॉलमधलं फानड, कॉर्कमधलं गॅली हेड ही त्यातली. डब्लिनच्या दक्षिणेला विकलो हेडला तर १७८१ सालच्या मनोऱ्यातच राहता येतं. अष्टकोनी खोल्या एकावर एक, आणि स्वयंपाकघर सगळ्यात वर, १०९ पायऱ्यांवर. दूध आणायचं राहिलं की आठवतंच. किमान दोन रात्री घ्याव्या लागतात आणि उन्हाळ्याच्या तारखा कित्येक महिने आधी जातात.

११. आणि किल्ल्यात? बजेट आहे.

मग गॉलवेच्या पश्चिमेकडच्या कॉनेमारातलं बॅलिनाहिंच. ही गढी १९२०च्या दशकात नवानगरच्या जामसाहेबांनी विकत घेतली होती. म्हणजे आपले रणजी, ज्यांच्या नावाची ट्रॉफी मुंबईने इतक्या वेळा घरी नेली. नदीत सामन मासे धरायला ते उन्हाळ्यात इथे येत. १९३३ साली ते वारले. गढीचं आता हॉटेल आहे. समुद्रावर नाही, पण गाडीने थोड्याच वेळात समुद्र येतो. राहणं झेपत नसेल तर दुपारच्या जेवणाला जा आणि नदीकाठच्या जंगलात तासभर चाला. मी तेच करतो.

१२. भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते का? रस्ते भीतीदायक आहेत म्हणे.

फिरायला आलेल्याला चालू भारतीय लायसन्सवर १२ महिन्यांपर्यंत चालवता येते. सोबत आंतरराष्ट्रीय परवाना ठेवा. भाड्याने गाडी देणारे मागू शकतात. गाडी डाव्या बाजूनेच चालते, निम्मी भीती तिथेच संपली. अनामत रक्कम चालकाच्या नावावरच्या क्रेडिट कार्डातून अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. राहायला आला असाल तर वेगळं आहे: भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही, लर्नर परमिटपासून सुरुवात करावी लागते.

ग्रामीण स्थानिक रस्त्यांची वेगमर्यादा ७ फेब्रुवारी २०२५ पासून ताशी ८० वरून ६० किलोमीटरवर आली. खरं तर ६० सुद्धा पुष्कळ ठिकाणी जमत नाही. ‘बोरीन’ म्हणजे एका गाडीपुरता रस्ता, मधोमध गवत, दोन्हीकडे दगडी गडगे. समोरून कोणी आलं तर ज्याच्या मागे जागा जवळ आहे त्याने मागे जायचं. मग दोघांनीही स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. हा नमस्कार, विसरू नका.

डिंगलजवळच्या स्ली हेड रस्त्याला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जा, सगळे तसेच जातात. १७९ किलोमीटरच्या रिंग ऑफ केरीवर मोठ्या बसेस उलट्या दिशेने फिरतात. त्यांच्या मागे रांगायचं की समोरून गाठ घ्यायची, हे तुमच्या स्वभावावर सोडतो. मी सकाळी आठला निघतो.

डब्लिनच्या एम ५० रस्त्यावर टोलनाका नाही. कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत ऑनलाइन पैसे भरायचे असतात. पहिल्या वर्षी मला हे माहीतच नव्हतं. दंडाचं पत्र घरी आलं.

१३. गाडी चालवायची नाही. बस-रेल्वेने किनारा होतो का?

होतो, निवडून. डब्लिनहून गॉलवे, वेस्टपोर्ट, स्लायगो, ट्रॅली आणि कॉर्कला रेल्वे जाते. किनाऱ्याला समांतर मात्र जात नाही. गॉलवेत तळ ठोकलात तर बसने क्लिफ्स ऑफ मोहर आणि डूलिन, दुसऱ्या दिवशी बोटीने बेटं, तिसऱ्या दिवशी कॉनेमाराची सहल, हे सगळं गाडीशिवाय जमतं. कॉर्कहून कोव्ह लोकलने २५ मिनिटं. टायटॅनिक शेवटची थांबली ते हे बंदर, ११ एप्रिल १९१२. वेस्टपोर्टहून अ‍ॅकिल बेटापर्यंत जुन्या रेल्वेमार्गाचा सायकलरस्ता आहे, ४० किलोमीटरच्या वर. डोनेगॉलला रेल्वेच नाही, तिथे गाडीशिवाय जाऊ नका.

१४. जायंट्स कॉजवे कुठे येतं? त्याला तिकीट लागतं का?

उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या राज्यात. चलन पाउंड, वेगाच्या पाट्या मैलांत. गंमत अशी की मुख्य भूमीचं सर्वांत उत्तरेचं टोक, मॅलिन हेड, ‘दक्षिणेच्या’ म्हणजे प्रजासत्ताकाच्या हद्दीत आहे.

सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा निवताना आकसला, त्याला भेगा पडल्या आणि जवळजवळ ४०,००० बसाल्टचे खांब तयार झाले, पुष्कळसे षट्कोनी. १९८६ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी हा याच जातीचा दगड, फक्त आपण तिच्याभोवती इमारती बांधल्या. पैसे लागतात ते पार्किंग आणि माहिती केंद्राचे. दगडांपर्यंत चालत जाणं फुकट आहे. वाटेत डनलूस किल्ल्याचे अवशेष आणि कॅरिक-ए-रीडचा दोरखंडाचा झुलता पूल पाहून घ्या.

१५. सीमेवर कोणी तपासत नाही म्हणे. मग आयर्लंडच्या व्हिसावर उत्तरेत जाऊ का?

चौकी नाही हे खरं. परवानगी लागते हेही खरं. अधूनमधून बसमध्ये तपासणी होते, आणि तेव्हा ‘माहीत नव्हतं’ चालत नाही. कोणाला काय लागतं ते असं:

भारतात अर्ज करून आयर्लंडचा अल्पमुदतीचा व्हिसा घेतलात आणि त्यावर ‘बीआयव्हीएस’ असा शेरा असेल, तर त्याच व्हिसावर ब्रिटनलाही जाता येतं. अट एवढीच की आधी आयर्लंडमध्ये प्रवेश करायचा. ब्रिटनच्या व्हिसावर तो शेरा असेल तर उलट, आधी ब्रिटन. शेरा नसेल तर दोन व्हिसे.

डब्लिनमध्ये नोकरी करणारे सगळ्यात जास्त इथेच चुकतात. आयर्लंडचं रहिवासी कार्ड उत्तरेत चालत नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर ब्रिटनचा व्हिसा हवाच. अमेरिकन पासपोर्टवाल्या मराठी मंडळींना आयर्लंडला व्हिसा लागत नाही, पण ८ जानेवारी २०२५ पासून ब्रिटनसाठी ‘ईटीए’ ही ऑनलाइन परवानगी लागते. एकाच गाडीत तीन पासपोर्ट असतील तर तिघांचं वेगवेगळं बघा. नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळ उघडा.

१६. क्लिफ्स ऑफ मोहर की स्लीव्ह लीग? एकच जमणार आहे.

मोहर २१४ मीटर, स्लीव्ह लीग सुमारे ६०० मीटर. उंचीवर गेलात तर प्रश्नच नाही. पण मोहरचे कडे सरळ तुटलेले आहेत, एकामागे एक आठ किलोमीटर, आणि ते पाहताना पोटात जे होतं ते स्लीव्ह लीगला होत नाही. स्लीव्ह लीगला डोंगर हळूहळू समुद्रात उतरतो. तिथली शांतता मात्र मोहरला नाही.

मोहरला प्रवेश माणशी घेतात, गाडीमागे नाही. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पाचनंतर जा, मधल्या वेळात बसेस असतात. कड्याच्या काठाची लांब पायवाट अपघातांनंतर काही भागांत बंद केलेली आहे. कुंपण ओलांडून फोटो काढणारे दिसतील, तुम्ही ओलांडू नका. गवताखालची जमीन पोकळ असू शकते.

१७. स्केलिग मायकलला जायचंच आहे. काय करावं लागेल?

नशीब लागेल. केरीच्या किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर समुद्रातून उभा ठाकलेला हा सुळका. वर हजारएक वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती साधूंच्या दगडी झोपड्या, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या, चुना न वापरता रचलेल्या. १९९६ पासून जागतिक वारसा. बोटी मुख्यतः पोर्टमगीहून, साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, आणि दिवसाला १८० माणसांनाच उतरू देतात.

तारखा कित्येक महिने आधी संपतात. तिकीट हातात असूनही लाटा असतील तर बोट सुटत नाही, आणि असे दिवस भरपूर येतात. म्हणून बुकिंग मुक्कामाच्या पहिल्या दिवसाचं करा, पुढे एखादा दिवस मोकळा ठेवा. ६१८ दगडी पायऱ्या, कठडा नाही, बेटावर शौचालय नाही. उंचीची भीती किंवा गुडघ्याची तक्रार असेल तर बेटाला फेरी मारून येणारी बोट घ्या. शेजारच्या लिटल स्केलिगवरचे हजारो गॅनेट पक्षी तिच्यातूनच जास्त चांगले दिसतात.

बोट रद्द झाली तर पुलावरून व्हॅलेन्शिया बेटावर जा. अटलांटिकखालून उत्तर अमेरिकेपर्यंत गेलेली पहिली टिकाऊ तारेची केबल १८६६ साली इथूनच निघाली.

१८. अ‍ॅरन बेटांपैकी कुठलं निवडू? एका दिवसात परत येता येईल?

तीन आहेत. इनिश मोर सर्वांत मोठं. रॉसाव्हीलहून बोटीने पाऊण तास. कड्याच्या अगदी टोकावर डून एंगस हा प्रागैतिहासिक दगडी कोट आहे. इनिश ईर सर्वांत छोटं, डूलिनहून जवळ. किनाऱ्यावर १९६० साली येऊन आदळलेलं, आता गंजलेलं जहाज. मधलं इनिश मान, जिथे फारसं कोणी जात नाही. पर्यटकांच्या गाड्या नेता येत नाहीत, सायकल किंवा घोडागाडी घ्या.

परत येता येतं, पण येऊ नका. शेवटची बोट गेली की बेट बदलतं. एक रात्र राहा.

१९. आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांना काय झेपेल?

स्केलिग आणि डून एंगसची चढण सोडून बरंच काही. मोहरच्या मुख्य सज्जांपर्यंत फरसबंद वाट आहे. डूलिनहून कड्यांच्या पायथ्याशी बोटही जाते. कोव्ह आणि किन्सेल ही निवांत गावं. स्ली हेडचा रस्ता गाडीतूनच सुंदर आहे. बी अँड बी घेताना तळमजल्याची खोली आवर्जून मागा, लिफ्ट नसतेच.

२०. पोहता येतं का? आणि ओहोटीला चालत बेटावर जातात ते काय?

पोहतात, बारा महिने पोहतात. पाणी ऑगस्टमध्येही १५-१६ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्याला बर्फच. जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरा. स्लायगोचं स्ट्रँडहिल सर्फिंगसाठी नावाजलेलं, पण प्रवाहांमुळे तिथे पोहायला मनाई आहे. काही झालं तर ११२ लावा आणि ‘कोस्ट गार्ड’ म्हणा.

कॉनेमारातल्या ओमी बेटावर ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं, वाट दाखवायला खांब आहेत. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशेब इथे लावू नका. प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. उधाण मात्र इथेही पौर्णिमा-अमावास्येलाच येतं. त्या दिवसाचं वेळापत्रक गावातल्या दुकानात विचारा आणि पूर्ण ओहोटीच्या आधीच निघा, म्हणजे परतायला वेळ उरतो.

२१. काही ठिकाणी पाट्या इंग्रजीत नाहीतच. हरवलो तर?

तो गेलटाख्त, म्हणजे आयरिश बोलणारा प्रदेश. डिंगलच्या पश्चिमेला, कॉनेमारात, डोनेगॉलमध्ये. नकाशात गावाची दोन्ही नावं लिहून ठेवा. इंग्रजी सगळ्यांना येतं. एकच खबरदारी: स्वच्छतागृहावर ‘फिर’ म्हणजे पुरुष आणि ‘म्ना’ म्हणजे बायका. रोमन अक्षरांत एफ आणि एम पाहून सगळे उलटे शिरतात.

२२. कनिष्क विमानाचं स्मारक कुठे आहे? तिथे जाता येतं का?

पश्चिम कॉर्कमध्ये, शीप्स हेड द्वीपकल्पावर, अहाकिस्टा गावापाशी. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं १८२ क्रमांकाचं विमान बॉम्बस्फोटाने याच किनाऱ्यासमोर कोसळलं, ३२९ माणसं गेली. पाण्याकाठी छोटी बाग आहे, सूर्यघड्याळ आहे, भिंतीवर नावं कोरलेली आहेत. दर २३ जूनला सकाळी नातेवाईक आणि गावकरी जमतात. गावातली माणसं चाळीस वर्षं हे करत आली आहेत.

तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. कॉर्कहून दोन तास धरा, शेवटचा रस्ता अरुंद आहे. मुक्काम बँट्री किंवा डरसमध्ये करा. तिथून पुढे द्वीपकल्पाच्या टोकाला गाडी सोडून तासभर चाललं की शीप्स हेडचं दीपगृह लागतं. वाटेत काही मिळत नाही, पाणी बरोबर घ्या.